स्पीकर जळाला, पण चूक बोर्डात होती



गेल्या भागात इन्व्हर्टरच्या बॅटरीबद्दल बोलताना मी म्हटलं होतं की गणपतीच्या आधी एक भाग ॲम्प्लिफायर आणि लाऊडस्पीकरवर करू. तो हा भाग. दर वर्षी भाद्रपद जवळ आला की मला फोन सुरू होतात. बेळगावहून, इंदूरहून, बडोद्याहून, हैदराबादहून. गाव वेगळं, प्रश्न एकच: "साहेब, मागच्या वर्षी स्पीकर जळाले, या वर्षी कुठले घेऊ?" मी उलट विचारतो, "वीज कुठून घेतली होती? बोर्ड कसा होता?" हे बहुतेकांना आठवत नाही. स्पीकरची किंमत मात्र पैशापर्यंत पाठ असते.

जे पहिल्यांदाच ऐकताहेत त्यांच्यासाठी माझी ओळख थोडक्यात. साताऱ्याला बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन, आणि मग फौजेत सिग्नल्समध्ये. शेवटची नेमणूक कोलकात्याला फोर्ट विल्यममध्ये होती. त्या किल्ल्याचं नाव आता विजय दुर्ग झालंय, आपल्या सिंधुदुर्गातल्या विजयदुर्गावरून, त्यामुळे मी उगाचच थोडा खूश आहे. सासुरवाडी हावड्याची, शिबपूरची, म्हणून निवृत्तीनंतर नदीच्या या काठालाच राहिलो. शेजारचे एक दादा मला प्रेमानं 'बर्गी' म्हणतात. मराठ्यांच्या स्वाऱ्या इथं अजून विसरलेल्या नाहीत.

इथं आपली माणसं आहेत. विटा, आटपाडी, खानापूर या भागातले गलाई व्यवसायातले लोक, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरले तसे इकडेही आले. ते गणपती बसवतात आणि वयामुळे मला पुढच्या खुर्चीवर बसवतात. चार वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो, कारण आजचा सगळा विषय त्या एका संध्याकाळीत आहे. आणि त्यात माझीही चूक आहे.

मांडव बांबूचा होता. दुर्गापूजेचे मांडव बांधणारे इथले कारागीर, त्यामुळे मांडव देखणा. एक ॲम्प्लिफायर, दोन बेस, दोन टॉप, एक मिक्सर. पहिल्या दिवशी साउंड लावला आणि स्पीकरमधून 'घूंऽऽ' असा आवाज सुरू झाला. ॲम्प्लिफायर व्यासपीठामागच्या सॉकेटवर, मिक्सर प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर, दुसऱ्याच सॉकेटवर. साउंड सांभाळणारा मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, हुशार. तो मागे गेला, दोन मिनिटांत परत आला आणि घूं गायब. मी म्हणालो, "शाब्बास, आवाज स्वच्छ झाला." काय केलंस हे विचारलं नाही. आयुष्य सिग्नल्समध्ये गेलेल्या माणसानं विचारलं नाही. त्यानं ॲम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची तार काढून टाकली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी रिमझिम होती. आरती सुरू झाली आणि एकदम व्यासपीठावरच्या ट्यूब लखलखल्या, पंखे विमानासारखे फिरायला लागले, आणि स्वयंपाकाच्या बाजूचे हॅलोजन मात्र मंद, तांबूस झाले. मला कळायला चार-पाच सेकंद लागले. तेवढ्यात दोन्ही बेसमधून 'थप्प' असा एकच आवाज आला, मग शांतता, मग जळकट वास. आणि ज्या मुलानं माइक हातात धरला होता तो मागे फेकला गेला. कोणीतरी मेन स्विच पाडला. मुलाच्या तळव्यावर भाजल्याची खूण होती. फळी कोरडी होती आणि पायात रबरी चप्पल होती, म्हणून तो आज आहे. आरतीला चप्पल का घातलीस म्हणून त्याच्या आजीनं त्याला सुरुवातीलाच दटावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळं सामान उघडून बसलो. काय झालं होतं ते उलटं, म्हणजे स्पीकरकडून बोर्डाकडे, सांगतो.

स्पीकरच्या आत कागदाचा कोन असतो, आणि त्याच्या मागे चुंबकाच्या अरुंद फटीत एक कॉइल. कॉइलमधून प्रवाह गेला की ती पुढे-मागे हलते, कोन हवा ढकलतो, आवाज येतो. इतकं शाळेतलं आहे. शाळेत सांगत नाहीत ते असं: मोठ्या बेसला तुम्ही शंभर वॅट दिले तर त्यातले दोन-चार वॅट आवाज होतात, बाकी सगळी उष्णता. म्हणजे स्पीकर हा मुळात एक हीटर आहे, तो थोडासा गातो. ही उष्णता त्या बोटभर रुंद कॉइलमध्ये तयार होते आणि कोन हलताना जी हवा ढवळली जाते तिच्यामुळे, आणि चुंबकाच्या लोखंडात शिरून, बाहेर पडते. जितकी आत येते तितकी बाहेर गेली तर ठीक. नाही गेली तर कॉइलचं वार्निश करपतं, वेटोळी सुटतात, फटीत घासतात. चाँदनीच्या बाजारात, म्हणजे कोलकात्याच्या चाँदनी चौकात, असे स्पीकर कॉइल बदलायला रांगेनं ठेवलेले दिसतात. काळी पडलेली कॉइल म्हणजे उष्णतेनं गेलेली. कॉइल चकचकीत पण तार तुटलेली, किंवा फॉर्मर चेमटलेला, म्हणजे कोन मर्यादेबाहेर उडून गेलेला. आपलं सामान दुरुस्तीला द्याल तेव्हा जुनी कॉइल मागून घ्या आणि बघा. ती सांगते काय झालं ते.

आमच्या दोन्ही कॉइल काळ्या होत्या, आणि कोन एकाच बाजूला, पुढे, आलेले होते. हे लक्षण डीसीचं.

ॲम्प्लिफायरच्या आत साधारण अधिक सत्तर आणि उणे सत्तर व्होल्ट असे दोन पुरवठे असतात. आकडा कमीजास्त असेल. आउटपुट ट्रान्झिस्टर या दोघांच्या मधे स्पीकरला वर-खाली नेतात. त्यातला एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की स्पीकरला थेट सत्तर व्होल्ट डीसी मिळतं. आठ ओहमच्या स्पीकरच्या कॉइलचा मल्टीमीटरवरचा रोध सहाच्या आसपास असतो. सत्तर गुणिले सत्तर भागिले सहा: आठशे वॅटहून जास्त, तेही सलग. आणि कोन एका जागी खिळलेला, त्यामुळे हवा ढवळली जात नाही, थंडावा शून्य. तीनशे वॅटचा स्पीकर यात काही सेकंदही तग धरत नाही. कधीकधी कोन पेट घेतो. जुन्या पद्धतीच्या शंभर व्होल्ट लाइनवर, देवळाच्या शिखरावरचे कर्णे असतात त्यांच्यात, हा धोका जवळजवळ नसतो, कारण तिथं मधे ट्रान्सफॉर्मर असतो आणि ट्रान्सफॉर्मरमधून डीसी पलीकडे जात नाही. (कर्ण्याला इथं 'चोंगा' म्हणतात. मला तो शब्द फार आवडतो.)

डीसी थांबवायला ॲम्प्लिफायरमध्ये रिले असतो. चालू केल्यावर दोन-तीन सेकंदांनी 'टक्' वाजतं ना, तोच. आउटपुटवर एक-दोन व्होल्टपेक्षा जास्त डीसी टिकून दिसलं की त्यानं स्पीकर तोडायचा. आमच्या ॲम्प्लिफायरमध्ये तो होता. मी उघडून पाहिला तर त्याची दोन टोकं एकमेकांना वितळून चिकटली होती. रिलेवर लिहिलं होतं दहा अँपिअर, अडीचशे व्होल्ट एसी. त्याच्याच खाली बारीक अक्षरात: तीस व्होल्ट डीसी. एसी सेकंदाला शंभर वेळा शून्यावरून जाते, त्यामुळे टोकं उघडताना पडणारी ठिणगी विझते. डीसी शून्यावर येत नाही. सत्तर व्होल्टवर उघडलेल्या त्या टोकांमध्ये वेल्डिंग झालं. चांगले बनवणारे यावर एक साधी युक्ती करतात: रिलेचं मोकळं टोक ग्राउंडला जोडतात. मग तुटताना ठिणगी पडली तरी तो प्रवाह स्पीकरऐवजी ग्राउंडला जातो आणि आतला फ्यूज उडतो. तुमच्या ॲम्प्लिफायरमध्ये ही सोय आहे का, हे दुरुस्ती करणाऱ्याला विचारा. नसेल तर एका दुपारचं काम आहे.

आता थोडं थांबून एक गैरसमज काढतो. "क्लिप झालं की डीसी जातं आणि स्पीकर जळतो" असं साउंडवाले सर्रास सांगतात. तसं नाही. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त ओढलं की लहरींची शिखरं कापली जातात, लाल दिवा लागतो. पण ती कापलेली लहरसुद्धा वर-खालीच जाते, ती डीसी नव्हे. नुकसान दोन कारणांनी होतं. एक, कापलेल्या लहरीत सरासरी ताकद वाढते. शंभर वॅटचा ॲम्प्लिफायर पूर्ण चौकोनी लहर देऊ लागला तर दोनशे वॅट देतो. साध्या गाण्यात शिखरं उंच असतात आणि सरासरी त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे कॉइलला श्वास घ्यायला वेळ मिळतो. सतत लाल दिव्यावर वाजवलं की तो श्वास संपतो. दोन, कापलेल्या कोपऱ्यांतून वरच्या पट्टीतला कर्कश भाग तयार होतो, आणि तो सगळा बिचाऱ्या ट्वीटरकडे जातो, ज्याची कॉइल केसासारख्या तारेची असते. म्हणून पहिल्यांदा टॉप मरतात, बेस वाजत राहतात, आणि लोक म्हणतात, "आवाज बसला, अजून वाढव." पुढचं सांगायला नको.

टॉपच्या युनिटला निदान एक मालिकेत जोडलेला कपॅसिटर असू द्या. वीस मायक्रोफॅरडचा, आठ ओहमच्या युनिटबरोबर, साधारण हजार हर्ट्झखालचं अडवतो, आणि डीसी तर पूर्णच अडवतो. फिल्मचा घ्या, ध्रुव असलेला नको. काही पेट्यांच्या आत मोटारीच्या दिव्यासारखा एक छोटा बल्ब ट्वीटरच्या मालिकेत बसवलेला दिसेल. ती गंमत नाही. फिलामेंट तापलं की त्याचा रोध दसपटीपर्यंत वाढतो आणि जादाची ताकद बल्ब स्वतःवर घेतो. तो काढून तिथं तार जोडणारे महाभाग मी पाहिले आहेत.

स्पीकरवर लिहिलेल्या वॅटबद्दल दोन वाक्यं. सलग सोसण्याची ताकद, त्याच्या दुप्पट 'प्रोग्रॅम', आणि चौपट 'पीक', असे तीन आकडे असतात. दुकानदार तिसरा सांगतो. तुम्ही पहिला विचारा. ॲम्प्लिफायर पहिल्या आणि दुसऱ्याच्या दरम्यानचा घ्या आणि लिमिटर लावा. तीनशे वॅट, आठ ओहम, म्हणजे लिमिटर एकोणपन्नास व्होल्टवर. त्याखेरीज बेसला चाळीस हर्ट्झखालचं आणि माइकला शंभर हर्ट्झखालचं कापून टाका. माइक हातातून पडला की जो 'धडाम' होतो तो कोनाला मर्यादेबाहेर फेकतो.

लिमिटर हा शब्द पश्चिम बंगालमध्ये तुम्हाला पोलिसांच्या तोंडीही ऐकू येईल. कलकत्ता उच्च न्यायालयानं १९९६ साली लाऊडस्पीकरबद्दल एक निकाल दिला: दुसऱ्याचा आवाज ऐकायला कोणावर सक्ती करता येत नाही, असा त्याचा गाभा. देशाचे ध्वनिप्रदूषण नियम त्यानंतर, २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा बंद, निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबल. आणि इथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं उघड्यावरच्या लाऊडस्पीकरला साउंड लिमिटर सक्तीचा केला. मंडळांना तो जाच वाटतो. मला विचाराल तर शेजाऱ्याचे कान आणि तुमची कॉइल एकाच उपकरणानं वाचतात, तर भांडायचं कशाला?

पण हे सगळं आमच्या त्या संध्याकाळी असतं तरी उपयोग झाला नसता. कारण ट्रान्झिस्टर आपण होऊन मेला नव्हता. त्याला मारणारी गोष्ट मागून आली होती.

मंडळानं थ्री-फेज तात्पुरती जोडणी घेतली होती. तीन फेज, एक न्यूट्रल. प्रत्येक फेज आणि न्यूट्रल यांच्यात २३० व्होल्ट, आणि दोन फेजमध्ये ४००. एका फेजवर स्वयंपाकाचा बॉयलर आणि हॅलोजन, दुसऱ्यावर व्यासपीठ आणि साउंड. बोर्डाजवळ न्यूट्रलचा जोड होता, दोन तारा पिळून वर टेप गुंडाळलेला. पावसानं आणि गरम होऊन तो सुटला. न्यूट्रल तुटला की काय होतं बघा. दोन्ही फेजवरची उपकरणं आता एकामागे एक, ४०० व्होल्टच्या मधे, मालिकेत जोडली जातात. आणि मालिकेत ज्याचा रोध जास्त त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. दोन किलोवॅटच्या बॉयलर-हॅलोजनचा रोध साधारण सव्वीस ओहम. दोनशे वॅट ओढणाऱ्या व्यासपीठाचा साधारण दोनशे पासष्ट. हिशेब करा: व्यासपीठाला ३६४ व्होल्ट, बॉयलरला उरलेले छत्तीस. म्हणून तिकडे दिवे तांबूस आणि इकडे ट्यूब लखलखीत. ॲम्प्लिफायरच्या आतले सत्तरचे पुरवठे एकशे दहाला गेले, ऐंशी व्होल्टचे कपॅसिटर फुटले, ट्रान्झिस्टर शॉर्ट, डीसी, आणि 'थप्प'.

हे चिन्ह घरातल्या बायकामाणसांसकट सगळ्यांना शिकवून ठेवा. एका बाजूचे दिवे मंद आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूचे नेहमीपेक्षा प्रखर: न्यूट्रल गेला. विचार करत बसू नका, मेन पाडा. मी चार-पाच सेकंद घालवले.

स्टॅबिलायझर यावर इलाज नाही. सर्वो स्टॅबिलायझर हळू फिरतो आणि त्याची मर्यादाही ठरलेली असते. लागतो तो व्होल्टेज कट-ऑफ रिले. अडीचशे-साठच्या वर किंवा एकशे ऐंशीच्या खाली गेलं की क्षणात तोडतो, आणि वीज नीट झाल्यावरही दोन-तीन मिनिटं थांबून जोडतो. आमच्या जळलेल्या ॲम्प्लिफायरच्या किमतीत असे कितीतरी आले असते. आणि न्यूट्रलचा जोड पिळून नको, तो टर्मिनलमध्ये, स्क्रूनं घट्ट. न्यूट्रलमध्ये फ्यूज कधीही घालायचा नाही, हेही लक्षात ठेवा. जुन्या बोर्डांत तो सापडतो.

लोक अशा वेळी वीज कंपनीला शिव्या देतात. हावड्याची गंमत अशी की १९३१ साली हुगळीच्या तळाखालून बोगदा खणून विजेच्या तारा नदीपार नेल्या. नदीखालून मेट्रो धावली ती २०२४ मध्ये. नदीखालून इतकी वर्षं वीज बिनबोभाट येते, आणि घोटाळा होतो तो आपल्या मांडवातल्या शेवटच्या पन्नास मीटरमध्ये, बांबूवरून लोंबणाऱ्या तारेत.

ती तार पातळ असली तर काय, याचाही हिशेब देतो. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, पन्नास मीटर लांब, जाऊन-येऊन शंभर मीटर, रोध साधारण सव्वा ओहम. दहा अँपिअर ओढले की बारा व्होल्ट तारेतच गेले, आणि तेवढ्यानं गुंडाळी तापते. रीळ पूर्ण न उलगडता तशीच ठेवली तर आणखी तापते. अडीचची किंवा चारची घ्या. स्पीकरच्या तारेलाही हाच न्याय. चार ओहमचा भार, तीस मीटर दीडची तार, तर पंधरा टक्के ताकद तारेत. ॲम्प्लिफायर स्पीकरजवळ ठेवा आणि मिक्सरची बारीक सिग्नलची तार लांब ठेवा. उलटं करू नका.

ॲम्प्लिफायर किती ओढतो? दोन हजार वॅट लिहिलंय म्हणून नऊ अँपिअर, असं नाही. गाण्याची सरासरी जमेस धरून आठवा हिस्सा घ्या, अडीचशे वॅट. जुन्या पद्धतीचा, जड ट्रान्सफॉर्मरवाला ॲम्प्लिफायर त्यासाठी नऊशेच्या आसपास ओढेल, म्हणजे चार अँपिअर. नव्या क्लास डीचा त्याच्या निम्म्याहून कमी. पण चालू करतानाचा पहिला झटका या सगळ्याच्या कित्येक पट असतो, म्हणून चार ॲम्प्लिफायर एकाच बटणावर लावू नका, एकेक करून लावा. एमसीबी सी प्रकारची ठेवा. आधी मिक्सर, शेवटी ॲम्प्लिफायर. बंद करताना आधी ॲम्प्लिफायर. हे चुकलं की तो 'धप्प' कॉइलवर जातो.

आता त्या मुलाकडे येऊ. ॲम्प्लिफायरच्या आत ३६४ व्होल्ट गेले तेव्हा कुठंतरी इन्सुलेशन फुटलं आणि फेज डब्याला लागला. अर्थिंग असतं तर प्रवाह जमिनीत गेला असता, एमसीबी पडली असती, एक जळका डबा उरला असता. अर्थिंगची तार तर आम्ही काढली होती. मग तो फेज डब्यावरून माइकच्या तारेच्या जाळीत, जाळीतून माइकच्या धातूच्या अंगावर, आणि तिथून मुलाच्या तळव्यात आला. दहा मिलिअँपिअरवर हात सुटत नाही. तिसापुढे हृदयाची लय बिघडू शकते. मिलिअँपिअर म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग. ज्या बोर्डातून आपण दहा-वीस अँपिअर ओढतो तिथं माणूस मारायला तेवढंच पुरतं, आणि एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. तिला पत्ता नसतो म्हणूनच तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवा. तो गेलेला आणि परत आलेला प्रवाह तोलतो, फरक पडला की तोडतो. त्यावर 'टी' लिहिलेलं बटण असतं, ते नियमितपणे दाबून बघायचं असतं. ते बटण कधीच न दाबलेले आरसीसीबी मी शेकड्यानं पाहिलेत.

घूंचा खरा इलाज काय होता? मिक्सर आणि ॲम्प्लिफायर वेगवेगळ्या सॉकेटवर होते, त्यांच्या अर्थिंगमध्ये थोडा फरक होता, आणि तो फरक सिग्नलच्या तारेच्या जाळीतून फिरत होता. दोन्ही एकाच बोर्डावरून चालवायचे, झालं. ते जमत नसेल तर मधे ऑडिओ ट्रान्सफॉर्मर किंवा डीआय बॉक्स घालायचा आणि सिग्नलची जाळी एका टोकाला सोडायची. सोडायची ती सिग्नलची. विजेची अर्थिंग कधीच नाही. चाळीस रुपयांच्या चौकोनी पिन-कन्व्हर्टरमध्येही ती हरवते, तेही बघा.

अर्थिंग आहे की नाही हे टेस्टरनं कळत नाही. टेस्टर फक्त फेज दाखवतो. मल्टीमीटरवर फेज-न्यूट्रल २३०, फेज-अर्थ २३०, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट आलं तर बरं. पाच-दहा आलं तर न्यूट्रलचा जोड बघा. पण मल्टीमीटर गंजलेल्या अर्थिंगलाही २३० दाखवू शकतो, कारण तो स्वतः काहीच ओढत नाही. म्हणून परवानाधारक वायरमनकडून भार लावून तपासणी करून घ्या. फौजेत आम्ही जनरेटिंग सेट सुरू करण्याआधी जमिनीत अर्थची सळई ठोकायचो आणि भोवती पाणी ओतायचो. वाळवंटात पिण्याचं पाणी मोजून मिळायचं तेव्हाही ओतायचो. सळई ठोकल्याशिवाय सेट चालू केला तर शिक्षा होती, आणि मला ती एकदा झालीय.

जनरेटरबद्दल एक गोष्ट खास. भाड्यानं येणाऱ्या जनरेटरचा न्यूट्रल बहुधा जमिनीला जोडलेला नसतो. तसा मोकळा न्यूट्रल असला तर आरसीसीबी असूनही कामाला येत नाही, कारण गळलेल्या प्रवाहाला परतायला वाटच नसते. न्यूट्रल, जनरेटरचा सांगाडा आणि अर्थची सळई एका ठिकाणी जोडून घ्या, आणि मग बटण दाबून बघा. गाडीवर जनरेटर आणि स्पीकर एकत्र असतील तर सांगाडा लोखंडी, माणसं ओली, पाय अनवाणी. जुलै २०२२ च्या शेवटच्या रात्री आमच्याच राज्यात, कूचबिहार जिल्ह्यात, जल्पेशच्या यात्रेला निघालेल्या पिकअप गाडीत विजेचा धक्का बसून दहा जण गेले. गाडीच्या मागे डीजेसाठी जनरेटर होता आणि त्याच्या वायरिंगकडेच पहिला संशय गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये बिहारात हाजीपूरजवळ डीजेची गाडी अकरा हजार व्होल्टच्या तारेला लागून नऊ गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये कोलकात्यात पूजेच्या तोंडावर एका रात्रीत अडीचशे मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही बहुतेक मृत्यू तुंबलेल्या पाण्यात उतरलेल्या विजेनं झाले. मांडवात पाणी साचलं तर साउंड बंद, मेनपासून.

सामान दुरुस्त होऊन आलं की लगेच लावू नका. आधी सिरीज बोर्डवर, शंभर वॅटच्या बल्बच्या मालिकेत. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. पेटलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, परत न्या. मग स्पीकर न जोडता आउटपुटवर डीसी मोजा. काही मिलिव्होल्ट चालतील, व्होल्टमध्ये आलं तर नाही. स्पीकरला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा. कोन पुढे आला आणि 'खट्' झालं तर कॉइल जिवंत आहे. खरखरला तर फटीत घासतेय.

आमच्या मंडळानं पुढच्या वर्षी नवा बोर्ड केला: कट-ऑफ रिले, आरसीसीबी, घट्ट टर्मिनल, साउंडची वेगळी फेज. स्पीकर तेच जुने, कॉइल बदललेले. ज्याच्या हाताला भाजलं होतं तो मुलगा आणि ज्यानं अर्थिंग काढलं होतं तो, दोघे आता रोज आरतीच्या अर्धा तास आधी मल्टीमीटर घेऊन बोर्डाजवळ उभे असतात. एक मोजतो, दुसरा वहीत लिहितो, मी सही करतो. दोनशेच्या खाली किंवा अडीचशेच्या वर आकडा असेल तर ॲम्प्लिफायर लावायचा नाही, असं ठरलंय. मागच्या वर्षी चौथ्या दिवशी आकडा एकशे शहाण्णव आला. समोर दीडेकशे माणसं बसली होती आणि अध्यक्ष म्हणाले, "चार व्होल्टचा तर प्रश्न आहे." मुलानं माझ्याकडे पाहिलं, वही मिटली आणि मेन पाडून किल्ली खिशात घातली. आरती टाळांवर झाली.